ट्यूब की सोडियम? बंदिस्त शेतीतील दिवा आणि कीड

काही महिन्यांपूर्वी विस्तार कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षणवर्गात संरक्षित शेतीतील कीड व्यवस्थापनावर माझे व्याख्यान होते. ते संपल्यावर इंदूरहून आलेला एक मराठी तरुण जवळ आला. "मॅडम, बंद खोलीत पीक घ्यायचे तर ट्यूब लावू की सोडियम?" असे त्याने थेट विचारले. हा प्रश्न कीटकशास्त्रज्ञाला कशासाठी, असे क्षणभर वाटले. पीक कोणते, हे विचारल्यावर 'लेट्यूस आणि मायक्रोग्रीन' असे उत्तर आले. मात्र त्याच्या भ्रमणध्वनीवर जमा झालेल्या चित्रफिती पाहिल्या, तर त्यातील बहुतेक कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि कॅनडातील गांजा-उत्पादकांच्या होत्या. खोलीतील दिव्यांची सर्वाधिक चर्चा याच मंडळींनी केली असल्याने शोध घेणारा फिरून त्यांच्याच दारात पोहोचतो. त्यात त्या तरुणाचा दोष नाही. पण त्या दारातून आपण काय उचलायचे आणि काय तेथेच ठेवायचे, याचा विचार आपल्याकडे झालेला दिसत नाही.

आधी कायद्याचे बोलू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजा म्हणजे या वनस्पतीचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांच्यासाठी खोलीत काय किंवा रानात काय, परवानगीविना लागवड करणे हा गुन्हा आहे. धागा व बियांसाठी लागवडीस परवानगी देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. तिचा आधार घेऊन उत्तराखंडाने औद्योगिक हेम्पची वाट मोकळी केली. ते पीक उघड्या रानातले आहे, त्याला दिव्याची गरज नाही. त्यामुळे या लेखातील तुलना गांजा पिकवण्यासाठी नसून दिवे समजून घेण्यासाठी आहे.

ही पद्धत जन्मली कशी, हे पाहणे उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात ही लागवड पूर्वी उघड्यावर होत असे. १९८३ पासून तेथील सरकारने हेलिकॉप्टरमधून पाहणी करून झाडे उपटण्याची मोहीम सुरू केली. पीक आकाशातून दिसू नये म्हणून ते तळघरात आणि गोदामात शिरले. सूर्य सोडून देण्याचा हा निर्णय कृषिशास्त्राचा नव्हता. तो लपण्याच्या गरजेतून आला होता. सूर्य गेल्यावर त्याची जागा भरण्यासाठी रस्त्यांवर, कारखान्यांत आणि क्रीडांगणांवर वापरले जाणारे प्रचंड दिवे खोलीत टांगले गेले. २०१२ मध्ये इव्हान मिल्स या ऊर्जातज्ज्ञाने अमेरिकेतील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज या बंदिस्त गांजा-उत्पादनात जाते, असा अंदाज प्रसिद्ध केला. ज्याला लपायचे नाही, त्याने लपणाऱ्याची पद्धत जशीच्या तशी का उचलावी, हा माझा पहिला आक्षेप आहे.

तरीही त्या उत्पादकांनी अनुभवातून बसवलेली दिव्यांची विभागणी खोटी नव्हती. रोपे, कटिंग आणि मातृवृक्ष यांना ते फ्लुरोसेंट नळ्या लावत. झाड वाढीला लागले की मेटल हॅलाइड आणि फुलोऱ्याच्या काळात उच्च दाबाचा सोडियम दिवा, म्हणजे आपल्या हमरस्त्यांवर पिवळा उजेड पाडणारा दिवा. मेटल हॅलाइडच्या प्रकाशात निळा अंश भरपूर असल्याने झाड ठेंगणे आणि दाट राहते. सोडियमच्या प्रकाशात निळा अंश अगदी थोडा असतो, त्यामुळे कोवळे रोप त्याखाली उंच आणि लुकडे होते. मात्र विजेच्या हिशेबात फुलाफळांच्या पिकाला तो दीर्घकाळ परवडत आला. नेदरलँड्समधील गुलाब आणि टोमॅटोच्या हरितगृहांत तो कित्येक दशके याच कारणाने टिकला.

येथे एक मोजमाप समजून घ्यावे लागेल, कारण दुकानदार लुमेन आणि लक्स सांगतो, तर पिकाला त्यांच्याशी कर्तव्य नसते. लुमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि आपला डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वाधिक भुलतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रकाशकण मोजते. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हे खरे माप. भर दुपारच्या उन्हात ते २००० च्या आसपास असते. आपल्याकडील बहुतेक कार्यकर्त्यांजवळ लक्समीटरच असतो. तेव्हा लक्सचा आकडा सूर्यप्रकाशात ५४ ने, पांढऱ्या फ्लुरोसेंट नळीखाली ७४ ने आणि सोडियम दिव्याखाली ८२ ने भागावा, म्हणजे अंदाजे मायक्रोमोल मिळतात. दहा हजार लक्स उन्हातले असतील तर १८५, नळीचे असतील तर १३५ आणि सोडियमचे असतील तर जेमतेम १२२. मीटर तोच, आकडाही तोच, पण पिकाच्या ताटात वेगवेगळे वाढले जाते.

आता नळ्यांची मर्यादा पाहू. चांगल्या नळ्यांची रांग रोपांपासून वीतभर अंतरावर ठेवली तर साधारण १०० ते २०० मायक्रोमोल मिळतात. हा प्रकाश सोळा तास दिला तर दिवसाला सुमारे ११ मोलपर्यंत जातो. मायक्रोग्रीन आणि भाजीपाल्याची रोपे यांना तो पुरतो, लेट्यूसला जवळजवळ पुरतो. ऊतिसंवर्धनाच्या कक्षात तर ५० मायक्रोमोलसुद्धा पुष्कळ झाले. देशभरातील केळीची रोपे अशाच नळ्यांखाली मोठी झाली. टोमॅटोसारख्या फळपिकाला मात्र दिवसाला २० ते ३० मोल लागतात. गांजाचे झाड फुलोऱ्यात जाण्यासाठी दिवस बारा तासांवर आणावा लागतो, म्हणून त्या बारा तासांतच सगळा प्रकाश ओतावा लागतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की १८०० मायक्रोमोलपर्यंत प्रकाश वाढवत नेला तरी त्या पिकाचे उत्पादन वाढतच जाते. एवढा अधाशी पाहुणा घरात असेल तर नळीने भागत नाही. हजार वॅटचा दिवा त्या पाहुण्यासाठी होता. आपण तो पालकाच्या आणि कोथिंबिरीच्या डोक्यावर टांगू लागलो, तर हिशेब बसणार नाही.

हिशेबच करायचा तर उष्णतेपासून सुरुवात करावी. खोलीत गेलेली वीज अखेर जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपाने खोलीतच राहते, मग दिवा कोणताही असो. हजार वॅटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे ११०० वॅट घेतो. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर टाकते. म्हणजे तीन दिव्यांमागे एक टन, आणि दिव्यांच्या दर तीन युनिटांमागे थंडाव्याचे चौथे युनिट. असे दहा दिवे बारा तास चालले तर दिवसाला १३२ युनिट दिव्यांची आणि ४४ च्या आसपास थंडाव्याची. एवढ्या खर्चात उजळते किती जागा? दिव्यामागे वीस चौरस फूट धरले तर दोनशे चौरस फूट, म्हणजे गुंठ्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. हॉलंडच्या हिवाळ्यात दिव्याची उष्णता हरितगृहाला उब देते, तेथे ती जमेच्या बाजूला लिहिली जाते. नागपुरात, हैदराबादेत किंवा अहमदाबादेत एप्रिल महिन्यात ती कोणत्या बाजूला लिहायची, हे वाचकांना सांगायला नको.

येथपर्यंतचे विवेचन एखाद्या कृषी अभियंत्याने माझ्यापेक्षा चांगले केले असते. माझा विषय यापुढे सुरू होतो.

दोन ठिपक्यांचा लाल कोळी ही बंदिस्त शेतीतील सर्वांत चिवट कीड. गांजापासून गुलाब, स्ट्रॉबेरी, काकडीपर्यंत तिला काहीही चालते. २० अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून प्रौढ होण्यास तिला साधारण सोळा-सतरा दिवस लागतात, ३० अंशांना सात-आठ. एक मादी शंभरच्या आसपास अंडी घालते. तापमान दहा अंशांनी वाढले की महिनाभरात दोनाऐवजी चार पिढ्या होतात. हवा कोरडी असेल तर तिचे अधिकच फावते. शिवाय उच्च-तीव्रतेचा दिवा खोलीतील हवेबरोबर पानही तापवतो. त्याच्या उष्ण किरणांमुळे वरच्या पानांचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी अधिक होऊ शकते. भिंतीवरचा तापमापक २८ दाखवत असतो, तेव्हा कोळी मात्र त्याहून तापलेल्या पानावर संसार थाटून बसलेला असतो.

याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. आमच्या संगोपन कक्षात घेवड्याच्या रोपांवर लाल कोळी वाढवून त्यावर निओसियुलस लाँगिस्पायनोसस हा आपल्याकडे आढळणारा परभक्षी कोळी पोसला जात असे. कक्षात साध्या ३६ वॅटच्या नळ्या होत्या. घेवडा जरा मरतुकडा राहायचा, पण दोन्ही कोळ्यांचे गणित जमलेले होते. रोपे जोमदार झाली तर परभक्षीही अधिक मिळतील, या विचाराने मी ४०० वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे लावण्याचा आग्रह धरला. पंधरा दिवसांत घेवडा पाहण्यासारखा झाला. त्यानंतरच्या पंधरवड्यात पानांवर कोळ्याची जाळी चढली आणि परभक्षीची संख्या घटत गेली. दुपारी पानाजवळ ३४ अंश आणि आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास, असे आकडे नोंदवहीत रोज लिहिले जात होते. ते वाचत मात्र कोणी नव्हते, मीही नाही. परभक्षी कोळ्याची अंडी कोरड्या हवेत सुकतात आणि उबत नाहीत, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. महिन्याअखेरीस परभक्षीची वसाहत संपली. नळ्या पुन्हा लावल्या, नवी वसाहत दुसऱ्या केंद्रातून मागवली आणि हंगामाचे काम दीड महिना मागे पडले.

या अनुभवावरून मी म्हणते की दिवा निवडणे हा कीड व्यवस्थापनाचाच निर्णय आहे. परदेशातील अनुभवही त्याच दिशेने जातो. बंद खोलीत पाऊस नाही, वारा नाही, ढालकिडे आणि जाळपंखी नाहीत. शिवाय १८ तासांच्या दिवसात लाल कोळ्याला ऋतू बदलल्याची खूणच मिळत नाही. लहान दिवस आणि थंडी आली की तो समशीतोष्ण प्रदेशात सुप्तावस्थेत जातो. खोलीत त्याला बारमाही उन्हाळा असतो. माव्याचेही तसेच. मोठ्या दिवसात त्याच्या माद्या नराविना पिले देत राहतात. अशा वेळी उत्पादकाचा हात कीडनाशकाकडे जातो. २०१५ मध्ये कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या अधिकाऱ्यांनी कीडनाशकांच्या वापरावरून हजारो गांजाची झाडे अडवून ठेवली आणि पुढे कित्येक उत्पादने बाजारातून मागे घ्यावी लागली. सापडलेल्या अंशांत कोळीनाशक म्हणून आपल्याला परिचित असलेल्या अबामेक्टिनच्या गटाचाही समावेश होता. हे सर्व दिव्यामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. पण तापलेली, कोरडी, मित्रकीटकांविना खोली आणि फवारणी यांतील अंतर फार नाही. आपला लेट्यूस तर धुऊन कच्चाच खाल्ला जातो आणि रोप लावल्यापासून महिना-दीड महिन्यात काढला जातो. फवारणीनंतर थांबायला त्यात वेळ मिळणार कोठून?

आणखी एका गोष्टीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. सोडियमच्या उजेडात कीड दिसत नाही. त्या प्रकाशात सारे पिवळसर होते. लाल कोळ्याने रस शोषल्यावर पानावर उमटणारे बारीक फिकट ठिपके, नत्राच्या कमतरतेने आलेला पिवळेपणा, भुरीची सुरुवात, काहीही वेगळे ओळखू येत नाही. पिवळा चिकट सापळासुद्धा पिवळ्या उजेडात हरवून जातो. जांभळ्या एलईडीखाली तर पाने काळपट दिसतात. पांढऱ्या नळीची थोरवी येथे कळते: तिच्याखाली पान पानासारखे दिसते. आठवड्यातून दोनदा निरीक्षण करा, असे आपण शेतकऱ्याला सांगतो. मग निरीक्षण कोणत्या उजेडात, हेही सांगितले पाहिजे. वरचे दिवे बंद करून पांढऱ्या विजेरीने पानाची खालची बाजू भिंगातून पाहणे, एवढी सवय लागली तरी अर्धी लढाई सोपी होते. उच्च-तीव्रतेचा दिवा मध्येच बंद केला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, म्हणून मजूर तो बंद करण्याचा कंटाळा करतात. निरीक्षण टळते ते असल्या क्षुल्लक कारणांनी.

खोलीबाहेरचाही विचार हवा. आमच्या प्रकाशसापळ्यांत १२५ वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरला जातो, कारण त्यातील अतिनील आणि निळा प्रकाश पतंगांना ओढून घेतो. मेटल हॅलाइड त्याच कुळातला. फ्लुरोसेंट नळी त्यामानाने सौम्य आणि सोडियम दिव्याकडे कीटक सर्वांत कमी येतात, कारण बहुतेक कीटकांचा डोळा निळ्या-अतिनील प्रकाशाला जितका जागा असतो तितका पिवळ्या-तांबड्याला नसतो. याबाबतीत सोडियमला पूर्ण गुण दिलेच पाहिजेत. जपानमध्ये पिवळ्या फ्लुरोसेंट दिव्यांचा उपयोग फळबागांत रसशोषक पतंगांना दूर ठेवण्यासाठी केला जातो, हे त्याचेच शास्त्र. पावसाळ्यात रात्री दिवे चालू असलेल्या खोलीचा पंखा आणि झरोका जाळीविना असेल, तर तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचे पतंग निमंत्रण मिळाल्यासारखे येतात. पांढऱ्या माशीसाठी ४० मेशची जाळी लागते, फुलकिड्यांसाठी ती त्याहून बारीक असावी. जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी खेळते, आणि हवा कमी खेळली की पुन्हा उष्णतेचा प्रश्न. तप्त दिवा निवडला की एका गाठीतून दुसरी बसते ती अशी.

शेवंतीला फुलोरा लांबवण्यासाठी आणि ड्रॅगन फ्रूटला हंगामाबाहेर कळी आणण्यासाठी रात्री लावले जाणारे दिवे हा वेगळा विषय आहे. तेथे प्रकाश झाडाचे अन्न म्हणून दिला जात नाही, तो संकेत म्हणून दिला जातो आणि तीव्रता अगदी कमी पुरते. अशा शेतात कोणी हजार वॅटचा दिवा सुचवत असेल तर त्याला दिवाही कळलेला नाही आणि पीकही. मात्र शेतात रात्रभर पांढरा उजेड ठेवल्याने कोणते कीटक किती येतात, याची नोंद कार्यकर्त्यांनी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. अशा नोंदी आपल्याकडे फार थोड्या आहेत.

ट्यूब की सोडियम, या वादाला आता तिसरा भिडू मिळाला आहे, हे खरे. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठात नेल्सन आणि बग्बी यांनी २०१४ मध्ये मोजमाप केले, तेव्हा एका ज्यूल विजेमागे जुन्या धाटणीचा सोडियम दिवा सुमारे १ मायक्रोमोल, तर उत्तम सोडियम आणि उत्तम एलईडी दोन्ही १.७ च्या आसपास देत होते. फ्लुरोसेंट नळी एकाच्याही खाली होती. आज चांगल्या एलईडी पट्ट्या अडीच-तीनच्या पुढे गेल्या आहेत. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारात २०२३ मध्ये ठरल्याप्रमाणे फ्लुरोसेंट नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची आहे. म्हणजे नळी जाणार. पण नळीचे गुण, म्हणजे पांढरा उजेड, लांबट पसरलेला प्रकाश, पिकाजवळ ठेवता येण्याइतका थंड पृष्ठभाग, हे सगळे पांढऱ्या एलईडी पट्टीत मिळतात. माझा कौल तिच्या बाजूने आहे. परदेशातील खोल्या एलईडीकडे वळू लागल्यावर जुने सोडियम दिवे स्वस्तात विकले जात आहेत आणि त्यांचे चोकसह संच आपल्याकडे 'व्यावसायिक दर्जाचे' म्हणून दाखवले जातात. ते अर्ध्या किमतीला मिळाले तरी महाग पडतील. फुटलेल्या किंवा जळालेल्या नळ्या उकिरड्यावर फेकू नयेत, त्यांत पारा असतो, हेही येथेच सांगून ठेवते.

त्या इंदूरच्या तरुणाला मी एवढेच सुचवले की गच्चीवर शेडनेट उभारून सूर्याचा प्रकाश जितका घेता येईल तितका घ्यावा आणि खोली फक्त रोपांसाठी ठेवावी. त्याला ते फारसे रुचले नाही. चार महिन्यांनी त्याचा संदेश आला. सोबत एका पानाचे छायाचित्र होते, सगळे नारिंगी-पिवळे. 'हा रोग आहे की कीड?' मी त्याला ते पान दाराबाहेर उन्हात नेऊन, उलटे करून पुन्हा छायाचित्र काढायला सांगितले. दुसऱ्या छायाचित्रात शिरेजवळ जाळी होती आणि जाळीत लाल कोळी. तिसऱ्या संदेशात त्याने शेडनेटसाठी पाइप किती जाडीचे घ्यावेत, असे विचारले होते. तो प्रश्न मी आमच्या अभियांत्रिकी विभागाकडे पाठवला आहे.